हक्कसोडीची साडी

१४ नोव्हेंबर, बेसा

अखेर आज घरात पाय टाकला. 'आमच्या घरात' असं लिहिणार होते, पण खरेदीखतावर एकट्या वैभवीचं नाव आहे, तेव्हा 'माझ्या घरात'. स्वानंद म्हणतो, बायकांना मुद्रांक शुल्कात सूट मिळते म्हणून तुझं नाव घातलं, जास्त फुगू नकोस. मी फुगणारच. कळमेश्वरला एमआयडीसीतल्या पोरांचे डबे करून करून हाताला घट्टे पडले, त्या घट्ट्यांचं हे घर आहे. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला विचारावं लागायचं. आज आल्या आल्या मी गरज नसताना एक खिळा ठोकला.

रजिस्ट्री काल झाली. अंगठे दिले, कॅमेऱ्यापुढे बसले, फोटो असा आला, जणू चोरी करताना धरलंय. वकीलबाईंनी आधीच पेपरात जाहीर नोटीस दिली होती, या घरावर कोणाचा हक्क असेल तर कळवा म्हणून. कोणी चकार शब्द काढला नाही. विकणारे मनोहरराव एकटेच वारस, त्यामुळे कागदात कुठे खोट नाही.

ताबा द्यायला मनोहरराव सकाळी आले. किल्ली देण्याआधी त्यांनी मला समोरच्या खोलीत पाटावर बसवलं आणि पिशवीतून हिरवी साडी, चोळीचा खण, नारळ, तांदूळ काढले. त्यांच्या घरी बाईमाणूस नाही, म्हणून ओटीही त्यांनीच भरली. पुरुषाने ओटी भरलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. सांगत होते, त्यांची बहीण देवकी याच घरात राहायची, मागच्या वर्षी वारली. "तिनं नाई घेतली, तू तरी घे बाई." नुसती घेऊन भागेना, 'घेतली' असं तोंडाने म्हण म्हणाले. मला भरून आलं. पदर पसरला आणि म्हटलं, "घेतली, भाऊ."

किल्ली त्यांनी पाटावर ठेवली आणि चहा न घेताच गेले. शेजारच्या प्रेमिलाकाकू फाटकातून बघत होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. असेल बाई काही काम.

१७ नोव्हेंबर

स्वयंपाकघर लागलं. मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, भरपूर लिंबं लागलीत. रितिकाने वरची खोली पटकावली. तिसरीतली पोरगी, पण दारावर 'विचारल्याशिवाय आत येऊ नये' अशी पाटी लावलीय. आईवर गेली आहे.

साडी कपाटात ठेवताना भिवापूर आठवलं. बाबा गेल्यावर भावाने शेताच्या हक्कसोडीवर माझी सही घेतली, तेव्हा अशीच साडी-चोळी केली होती. आपल्याकडे तसंच असतं. सही सरकारसाठी, साडी माणसांसाठी. बहिणीने एकदा साडी घेतली की तिचा विषय संपला. मग ती माहेरी येते ती पाहुणी म्हणून, दोन दिवस गोडधोड खाऊन जाते. मी हसत घेतली होती. मला माझं घर हवं होतं, भावाचं नाही.

तलाठी कार्यालयात माझं नाव चढवायचा अर्ज देऊन आलो. हरकतीची मुदत संपली की सातबाऱ्यावर नाव लागेल.

२३ नोव्हेंबर

आज रितिका शाळेतून आली आणि म्हणाली, आई, डब्यातली भाजी मस्त होती, तिखट नव्हती, रोज अशीच कर. मी भिवापूरची. आमच्या घरची मिरची जिभेला नाही, कानाला लागते. आणि आज तर वांग्याच्या भाजीत मूठभर तिखट घातलं होतं. उरलेली भाजी चाखून बघितली. फिकी. आजाऱ्याला द्यावी तशी.

रात्री स्वानंदने दोनदा वाढून घेतली. म्हणाला, इतक्या वर्षांत आज तुझ्या हाताला चव आली. मला राग आला. मिरची जुनी झाली असेल.

२९ नोव्हेंबर

दुपारी सीताबर्डीवरून पडदे घेऊन आले. मागच्या अंगणात दोरीवर हिरवी साडी वाळत होती. ओली, पिळून नीट पसरलेली. मी तिची घडीही मोडलेली नाही.

स्वानंदला आज सुट्टी होती. त्याला विचारलं तर तो माझ्याकडेच विचित्र बघायला लागला. म्हणाला, सकाळी तीच तर नेसली होतीस, मी म्हटलंसुद्धा, छान दिसते. मला चहा दिलास, लिंबं तोडलीस. मी म्हटलं, मी बर्डीवर होते, हे बघ पडदे. त्याने पडदे पाहिले आणि म्हणाला, हे कोणी आणले?

थट्टा करत असेल. त्याची थट्टा कधीच वेळेवर येत नाही. पण ओट्यावर बरणीत लिंबाचं लोणचं घातलेलं होतं, आणि ते मी घातलेलं नव्हतं.

३ डिसेंबर

प्रेमिलाकाकूंना गाठलं. आज त्यांनी टाळलं नाही. लिंबाच्या सावलीपासून दूर, कंपाउंडला टेकून बोलल्या.

घर देवकीच्या वडिलांनी बांधलेलं. ते गेल्यावर अर्धं मनोहररावांचं, अर्धं देवकीचं. तिने लग्न केलं नाही. दर दिवाळीला मनोहरराव हिरवी साडी घेऊन यायचे, घे आणि हक्क सोड म्हणायचे. दर दिवाळीला ती साडी ती त्यांच्या स्कूटरच्या हँडलला बांधून परत पाठवायची. "माया हिस्सा मी साडीत गुंडाळून देनार नाई" म्हणायची. पोटाच्या दुखण्याने फिकंच खायची. गेली तीही समोरच्या खोलीत, पाटावर बसल्या बसल्या. कायद्याने सगळं भावाकडे आलं, पण ती बाई घरातून काही हललेली नाही, हे मनोहररावांना ठाऊक होतं. आधी विसार देऊन राहायला आलेलं एक गिऱ्हाईक महिन्याभरात पळालं म्हणे.

मी विचारलं, मग मला साडी काहून दिली? काकूंनी आवाज खाली आणला.

"त्यानं तुले बहीण करून टाकलं वं. या घरात एका बहिणीनं हक्क सोडाले पायजे होता. तू सोडला. आता ती राह्यली घरची."

घरी येऊन मी खूप वेळ हसायचा प्रयत्न केला. मग रडले. हे घर माझं आहे. माझी मुलगी वर झोपली आहे. मी काहीही सोडलेलं नाही.

५ डिसेंबर

तलाठी कार्यालयात गेले. नाव लागलं का विचारलं. तिथल्या माणसाने वर न बघताच सांगितलं, "म्याडम, तुमीच तं सोमवारी येऊन गेल्या ना. नाव चढवू नका म्हनल्या, हक्क नाई पायजे." कोणती साडी होती विचारलं. हिरवी.

ती मी नव्हते म्हटलं, ओळखपत्र दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. फोटोवर बोट ठेवून म्हणाला, यांनाच घेऊन या.

६ डिसेंबर

साडी घेऊन मनोहररावांकडे गेले. ते आता उमरेड रोडला एका खोलीत राहतात. साडी पाहताच मागे सरकले. घेतलेली साडी परत होत नसते म्हणाले. मी पाया पडले, घर परत घ्या म्हटलं, पैसे नकोत. हीच मी, खिळा ठोकणारी. त्यांनी मान हलवली. दार लावता लावता हळूच विचारलं, "कशी आहे ती? जेवते का?"

साडी रस्त्यात टाकून आले. घरी आले तर दोरीवर होती.

८ डिसेंबर

माझी किल्ली लागत नाही. कुलूप तेच. स्वानंदच्या हाताने फिरते.

माझ्यासाठी पाहुण्यांचं स्टीलचं ताट. झोपायला समोरच्या खोलीत गादी घातलेली. कोणी घातली विचारलं नाही. आतून बांगड्या वाजत होत्या. माझ्या हातात काचेच्या बांगड्या नाहीत —

आज मी ठोकलेला खिळा भिंतीत नाही. भोकही नाही.

९ डिसेंबर

स्वानंदने सकाळी अगदी आदराने विचारलं, गाडी किती वाजता आहे तुमची? 'तुमची' म्हणाला. मी त्याचा हात धरला. तो संकोचून हसला, परक्या बाईने हात धरल्यावर हसतात तसा.

भिवापूरचा भाऊ फोन उचलत नाही. प्रेमिलाकाकूंचं दार बंद.

रितिकाला घेऊन निघायचं. उद्याच. घर गेलं चुलीत. पोरगी —

१० डिसेंबर, दुपार

पोरगी आली नाही.

शाळेच्या फाटकाशी उभी होते. ती माझ्यासमोरून गेली. हाक मारली तेव्हा थांबली, वाकून नमस्कार केला. "आत्या, तुम्ही आज जाणार ना? आई म्हणाली, ओटी भरून पाठवायचं."

मागे मागे आले. माझ्याच मुलीच्या मागे.

आता समोरच्या खोलीत आहे. माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली. पाट मांडलाय. स्वानंद बाजूला उभा, रितिकाच्या हातात नारळ. आतून ती येतेय. हिरवी साडी. चेहरा अजून बघितला नाही, बघणार नाही —

मी पाटावर कधी बसले?

हातात पेन आहे. लिहीत राहायचं. हात रिकामे नकोत. हात रिकामे नसले तर पदर पसरता येत नाही. घर माझं आहे रितिका माझी आहे वैभवी माझं नाव

तांदूळ पडताहेत वहीवर

सगळे म्हणताहेत घ्या. रितिका पण. म्हणा ना आत्या, घेतली म्हणा —

म्हणणार नाही. तोंड मिटलंय. म्हणणार नाही. लिहिणारही ना

घेत