सर्व्हरवरचा संसार

मंगळवार, ४ मार्च

फोन म्हणतो, जागा संपली! नवे फोटो साठवता येणार नाहीत, बॅकअप घेता येणार नाही, आणखी जागा विकत घ्या. दिवसातून चार वेळा तेच तुणतुणं. शेवटी दुपारी डबा खाता खाता पन्नासेक फोटो पुसले. आकडा जागचा हलला नाही. पॉलिशवाली शेजारून बघत होती. म्हणाली, "अगं, दात कोरून पोट भरत नाही. आणि फोनवरनं काय पुसत बसलीस? खरा माल वर आहे — सर्व्हरवर."

ही आमच्या लॅबमध्ये कवळ्यांना पॉलिश करते. मी त्यात दात बसवते. दातांच्या म्हणी आम्हाला फुकट वापरायला मिळतात.

घरी येऊन कॉम्प्युटरवर खातं उघडलं. वर काय काय आहे! अकरा वर्षांचा अख्खा संसार आहे. मला वाटत होतं, तो मी दोन वर्षांपूर्वी कोर्टात संपवून आले.

बुधवार, ५ मार्च

ठरवलं. मुळासकट काढायचं. रोज थोडी थोडी वर्षं.

आधी जुने मेसेज उघडले. वाचायचे नव्हते, वाचले. 'दूध आण.' 'आणलं.' 'उशीर होईल.' 'बरं.' हजारोंनी आहेत आणि भांडण एकही नाही. लोकांना वाटतं, काहीतरी मोठं झालं असणार — दारू, नाहीतर दुसरी बाई. काही नाही. आम्ही बोलायचे थांबलो, एवढंच. आधी तो, मग मी. मग आधी कोण बोलतं अशी ईर्षा लागली, आणि त्यात दोघंही जिंकलो.

निकाल लागला त्या दिवशी घरी येऊन बाबांना सांगितलं होतं — त्याचं नाव या घरात काढायचं नाही. बाबा "बरं" म्हणाले. आणि खरंच नाही काढलं त्यांनी. एकदासुद्धा.

पहिली चार वर्षं पुसली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू!

गुरुवार, ६ मार्च

आठव्या वर्षापर्यंत आले. सहलींचे फोटो. सगळ्यांत एकच माणूस, कारण दुसरा फोटो काढत असायचा. आम्ही दोघं एकत्र, असे सगळे मिळून नऊ निघाले. पुसले.

शुक्रवार, ७ मार्च

काहीतरी भलतंच आहे.

अकरा वर्षं संपवून पुढे सरकले, तर माझ्या खात्यात बुद्धिबळाच्या पटाचे फोटो! मला घोडा कसा चालतो तेही धड माहीत नाही. एक-दोन नाहीत, शंभराच्या घरात आहेत. प्रत्येकात अर्धा राहिलेला डाव. आधी वाटलं, खात्यात कुणी परका शिरलाय. मग ट्यूब पेटली — जुना फोन!

आमच्याकडे कपडे मोठ्यांचे धाकट्यांना होतात आणि फोन उलटे चढतात, धाकट्यांचे मोठ्यांना. मी नवा घेतला तेव्हा जुना बाबांना दिला. त्यांच्यासाठी वेगळं खातं काढायचा कंटाळा केला, माझंच राहू दिलं. म्हणजे दोन वर्षं बाबा जे काढतील ते माझ्या खात्यात येऊन पडतंय, आणि मला पत्ता नाही.

हसू आलं. चला, जिने चढत लिफ्टा दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं त्यांचं, म्हातारपणी काहीतरी बसून करायचा नाद लागला म्हणायचा. मग तारखा बघितल्या. सगळे गुरुवार. नीट एकेक बघत गेले. एका फोटोत पटाच्या कडेला समोरच्याचा हात आलाय. उजवा. तर्जनीचं टोक नाही.

ते टोक चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनने नेलं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, त्याच्या दुकानात. रुमालात हात गुंडाळून मीच नेलं होतं हॉस्पिटलात.

शनिवार, ८ मार्च

सकाळी चहा देताना सहज विचारल्यासारखं केलं. "बाबा, गुरुवारी दुपारी कुठे असता हो?"

"जातो आपला पाय मोकळे करायला."

एवढंच. मग कप हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "का गं?"

"सहज."

चोराच्या मनात चांदणं! बोलणार काय — आपलेच दात, आपलेच ओठ. पण दिवसभर आतून धुमसत होते. एका कवळीत दोन दात उलटे बसवले. मी इथे एकेक वर्ष खरवडून काढतेय आणि बाबा दर गुरुवारी त्याला मागच्या दाराने आत घेतायत. माझ्याच खात्यात! माझे वडील ना ते?

रविवार, ९ मार्च

'सगळं निवडा' म्हणून एक बटण असतं. दाबलं.

त्याचे, माझे, बाबांचे पट, कवळ्यांच्या रंगांचे फोटो, नळ गळत होता त्याचा फोटो. सुक्याबरोबर ओलं. 'जुना फोन' नावाचा बॅकअप होता, तोही काढला. बाबांचे फोटो बाबांच्या फोनवर राहतीलच. मी माझं खातं साफ करतेय, माझा हक्क आहे. तर म्हणे, पुसलेलं तीस दिवस कचरापेटीत राहील, विचार बदलला तर परत घ्या. मला तीस दिवस नकोत. कचरापेटी रिकामी केली. 'कायमचं पुसायचं? परत मिळणार नाही.' हो. 'नक्की?' अरे, हो म्हटलं ना!

सगळं कोरं झालं. स्वच्छ पांढरा पडदा. खिडकीत जाऊन उभी राहिले जरा वेळ. हलकं वाटतंय.

गुरुवार, १३ मार्च

बाबा गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. काल तर स्टुलावर चढून दिवा बदलला!

शुक्रवार, १४ मार्च

बाबा आंघोळीला गेले होते, त्यांचा फोन समोरच होता. उघडला. एक फोटो नाही. एकही!

लॅबमध्ये पॉलिशवालीला विचारलं, वरचं पुसलं तर फोनमधलंही जातं का गं? ती मशीन बंद करून माझ्याकडे वळली. म्हणाली, "दोन्ही फोन एकाच खात्याला जोडलेले होते ना? मग? टाकी रिकामी केलीस तर नळाला काय येणार? कचरापेटी तरी आहे ना?" मी नाही म्हणून मान हलवली. "धन्य आहेस," म्हणाली, आणि पुन्हा कवळी हातात घेतली.

आईचे फोटो कागदावर आहेत म्हणून वाचले. नाहीतर तेही गेले असते माझ्या हातून.

मंगळवार, १८ मार्च

बाबा जेवतात, पेपर वाचतात, खिडकीतल्या झाडांची पानं पुसतात. गप्प. "काय झालं?" म्हटलं तर "काही नाही गं."

मला माहीत आहे काय झालंय. त्यांना माहीत नाही की मला माहीत आहे. सांगून टाकावं, बाबा, माझ्याकडून पुसलं गेलं — चार शब्द आहेत. पण ते सांगायचं तर फोटो बघितले हे सांगावं लागणार, ते सांगायचं तर हात ओळखला हे सांगावं लागणार, आणि मग त्याचं नाव निघणार. नियम माझाच. आमच्या घरात बोलणं सोडून सगळं काम वेळच्या वेळी होतं.

गुरुवार, २० मार्च

आजही गेले नाहीत. दुपारी जरा लवकर आले, तर खुर्चीत बसून होते. बाहेर जायचा शर्ट घातलेला, बटणं लावलेली, आणि घरातच.

फार वाईट वाटलं. रागाच्या भरात मी त्यांचा डाव पुसला. शंभर गुरुवार जाऊ देत, पण निदान शेवटचा तरी राहायला हवा होता. कोणतं मोहरं कुठे होतं ते कळल्याशिवाय कुठल्या तोंडाने जाऊन बसतील? त्यांचा तेवढा एक दिवस होता आठवड्यातला. तो मी घेतला.

लॅबमध्ये जबड्याचा ठसा हातून फुटला तर लपवता येत नाही. दंतवैद्याला फोन करून सांगावंच लागतं, फुटला, पुन्हा घ्या. शिव्या बसतात, पण दात अंदाजाने बसवत नाही कुणी.

उद्या करते त्याला फोन.

शुक्रवार, २१ मार्च

केला. नंबर पुसलेला होता, पण बोटांना पाठ होता. दुपारची वेळ धरली, तेव्हा त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. मी काही म्हणायच्या आत पलीकडून, "बोल."

"बुद्धिबळाचा डाव कुठवर आला होता तेवढं सांग."

"बाबा बरे आहेत ना? दोन गुरुवार आले नाहीत." अजून बाबाच म्हणतो.

"बरे आहेत. माझ्या हातून फोटो पुसले गेले त्यांचे. डाव विसरले असतील म्हणून—"

"फोटोंचं काय घेऊन बसलीस? पट इथे मागच्या खोलीत जसाच्या तसा आहे. वर टोपली उपडी घालतो. दर वेळी तिथूनच पुढे खेळतो आम्ही."

तरी म्हटलं, सांग. त्याने टोपली उचलल्याचा आवाज आला. एकेक मोहरं सांगत गेला, मी कवळ्यांच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर चौकोन आखून लिहीत गेले. पांढरा राजा कोपऱ्यात, पुढे दोन प्यादी, काळा घोडा अगदी दारात. "काळे बाबांचे. चार चालींत हरतोय मी," म्हणाला, आणि हसला. मलाही हसू आलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद, फोनने मोजली. शेवटच्या वर्षात एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो. फोन ठेवल्यावर वाईट नाही वाटलं. मला वाटलं होतं, वाटेल.

संध्याकाळी घरी येताना रस्त्यात एकदम थांबले. पट जर तिथेच, तसाच राहत होता, तर बाबा फोटो कशाला काढत होते?

शनिवार, २२ मार्च

कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, "डाव मला पाठ आहे गं. फोटो तुझ्यासाठी होते. फोन देताना तूच म्हणाली होतीस, यात काढाल ते सगळं मला दिसतं. नाव काढायचं नव्हतं, पण तुझ्यापासून चोरूनही जायचं नव्हतं मला. दोन वर्षं तू काही म्हणाली नाहीस, म्हटलं चालतंय हिला. मग त्या दिवशी विचारलंस, वाटलं, आता बोलशील. तर दुसऱ्या दिवशी सगळं पुसलंस. म्हटलं, नको म्हणतेय. बरं."

म्हणाले होते खरी, आणि साफ विसरले होते. रडले. लहानपणी रडायचे तशी, त्यांच्यासमोर उभी राहून. मग म्हटलं, "बाबा, चपला घाला."

"आज शनिवार आहे."

"असू दे."