साडूभाऊंनी सांगितलेले लिव्हर

चौबे कॉलोनी, रायपूर

श्यामराव साडूभाऊंना गंगाधरचा नमस्कार. (सप्रेम लिहिणार होतो, पण पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. आणि कागदावर अशासाठी, की फोनवर लिहिलेलं रमा वाचते.) इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? रमा रोज विचारते. माझाही एक दुखतो, पण तो पडला घरचा.

पत्रास कारण, ब्रेक. तुम्ही नव्या सायकलवर बसून फोटो काय पाठवला, रमाने आमच्या श्रेयसची कॉलेजातली माउंटन बाइक माळ्यावरून काढायला लावली. रोज सकाळी दोघं तेलीबांधा तलावापर्यंत जाऊ म्हणाली. मी इतका खूश झालो की माझ्या सायकलमध्ये लगेच हवा भरून आणली. तिच्या सायकलचे ब्रेक मात्र पार गेलेले. सांगाडा जुना, त्याला तुमच्यासारखे डिस्क ब्रेक बसत नाहीत. म्हणून रिमला धरणारेच, पण लांब दांड्यांचे व्ही-ब्रेक घेतले. ते मी निवडले (मी, साडूभाऊ!). आणि रमाने दुकानातूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, हँडलवरचे लिव्हरही बदला, जुने लिव्हर तार कमी ओढतात. दुकानदारही म्हणाला, "भैया, लीवर भी बदल लो." तो एकटा म्हणाला असता, तर मी बदलले असते.

मग सुट्टीचा अख्खा दिवस अंगणात गेला. आधी रबर टायरलाच घासायला लागले, ते खाली सरकवून रिमवर आणले. मग ब्रेक असा किंचाळला की शेजारच्या चित्राताई बाहेर आल्या. रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकावं म्हणून मागच्या टोकाशी जाड कागद धरून आवळतात. तिथे तुमच्या सोनियाच्या लग्नाची पत्रिका कामी आली. (काय जाड कागद! श्रेयसच्या पत्रिकेतून पलीकडचं दिसत होतं.) किंचाळणं थांबलं. पण लिव्हर दाबला की थेट मुठीला टेकतो आणि चाक आपलं फिरतंच. रबर अगदी जवळ आणले, तर चाकच फिरेना. रमाने एकदा दाबून पाहिलं. "भाऊजींले विचारा ना, काहून अडून राहिले?" मी म्हटलं, ब्रेक मी लावून राहिलो, भाऊजी नाही. ती सायकलवर बसली नाही. खरं सांगतो, जळतो मी तुमच्यावर. तिची दाढ दुखली तरी पहिला फोन नागपूरला जातो, आणि तुम्ही तर जन्मभर विम्याच्या कचेरीत नोकरीला होता.

ताईंना नमस्कार सांगा.

आपला,
गंगाधर

ता. क. एक काम होतं. रमाला फोन करून सांगा, जुने लिव्हरही चालतात. तुम्ही म्हटलं की ती लगेच बसेल.

ता. क. २. तसलं काही सांगू नका. पाकीट चिकटवायला घेतलं आणि तलावाकडच्या रस्त्यावरचे ट्रक डोळ्यांपुढे आले. उठलो, दुकानात जाऊन लिव्हर बदलून आणले. आता ब्रेक असा कच्चकन लागतो की मीच पडता पडता वाचलो. तुमचंच खरं होतं. (हे तिला कळवायची गरज नाही.) मी तिला म्हटलं, ब्रेक झाले, चल. तर म्हणाली, "थांबा, रविवारी भाऊजींले विचारते." तेव्हा रविवारी तिचा फोन आला, की साडूभाऊ, एवढंच म्हणा: "गंगाधररावले विचार."