ओठ माझे, आवाज परका

आई,

गावच्या थेटरात माझा पहिला सिनेमा लागला, तेव्हा तू मध्येच उभी राहून ओरडलीस, "तोंड माझ्या नुन्झियाचं, पण बोलतेय कोण ही भवानी?" सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेल्या निर्मात्याने विचारलं, "कोण ही बाई?" मी म्हटलं, "असेल गावातली कुणीतरी." तू ते ऐकलंस, ठाऊक आहे मला.

खरं तर तुझंच बरोबर होतं. माझी बोली गावंढळ, म्हणून कॅमेऱ्यासमोर मला संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायला लावायचे. मागाहून रोमची एक बाई माझ्या ओठांवर संवाद बसवायची. अकरा सिनेमांत मी रडले, तेही एकपासून वीसपर्यंत मोजत.

आता मी कादंबरी लिहिलीय, आपल्या बोलीत. पहिल्याच पानावर तू उभी राहून ओरडतेस, आणि मी निर्मात्याला सांगते, "ही माझी आई."

हे पत्र टाकत नाही. तुला वाचता येत नाही. पाद्रीबुवांकडून वाचून घेशील, म्हणजे पुन्हा परकाच आवाज! रविवारी पुस्तक घेऊन मीच येते. चुलीपाशी बसून ऐक. खोटं वाटलं, तर तशीच उठून ओरड.

गावातलीच कुणीतरी,
तुझी नुन्झिया