आई जिवंत आहे

तीर्थरूप बाबा,

मला स्पेनला, सेव्हिलला न्यायला तुम्ही पाठवलेले कप्तान एकटेच परतले असतील. मी का आले नाही, ते इथे लिहिते.

आपल्या स्पॅनिश सैन्याने पेरूतलं कुस्को जिंकलं त्या वर्षीच माझी आई तापाने गेली, असं मला लेक म्हणून दत्तक घेताना तुम्ही सांगितलं होतंत. मी बारा वर्षं इथल्या मठात तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. निघायच्या आदल्या दिवशी बाजारात वाटेसाठी मका घेत होते, तर विकणारी बाई माझ्या हनुवटीवरची भाजल्याची खूण बघून उठलीच.

"सिसा?" तिने विचारलं. माझं हे जुनं नाव मठात कुणालाच माहीत नव्हतं.

तिची भाषा मी विसरले होते, तरी "आई" हा शब्द तिच्याच भाषेत तोंडून निघाला.

मला कवटाळून ती रडतच ओरडली, "किती वाळलीस गं! त्या दाढीवाल्यांनी तुला जेवायला घातलं नाही का?"

आता आम्ही दोघी डोंगरात राहतो. तुमच्यावर खूप चिडायचं ठरवलं होतं, पण काल बटाटे काढताना मी चक्क गात होते. पत्र मिळालं तर तुम्ही आम्हाला शोधत याल, म्हणून हे चुलीत टाकते आणि जेवायला बसते. आई हाका मारतेय.

तुमची लेक,
लिओनोर