शेवटून दुसरा आकडा

पप्पा, तुझी गिटार आज उघडली. मी नाय, पालघरच्या एका काकांनी. बाजारात जिना चढून त्यांची खोली हाय, जन्मभर जुनी वाद्यंच खोलत आलेत. आईनेच पाठवलं मला. म्हनली, "विकायची का नाय ते मागनं बघू. खरी हाय का खोटी येवढं एकदा कळू दे. लोकांनी तुज्या बापाला फेकू म्हनलंय, ते माज्या कानातनं जात नाय." मंग तुज्या पलंगाखालनं काढली, पांढऱ्या चादरीत गुंडाळली, बाइकला आडवी बांधली. बोईसरच्या नाक्यावर एकाने विचारलं, "काय रे, मयत हाय काय?" म्हनलं, "नाय, पाहुनी हाय, लाजते."

काकांनी आधी वाजवली नाय, वास घेतला. मंग रंगावरच्या बारीक भेगांवरनं नख फिरवलं. म्हनले, "मुद्दाम पाडलेल्या भेगा शहाण्या असतात, सरळ जातात. ह्या वेड्यावाकड्या आहेत, म्हणजे वयाने पडल्यात." मी सांगितलं, अणुवीज केंद्र बांधायला कॉलनीत अमेरिकेचे गोरे इंजिनियर आले होते तेवाची हाय, एकाने जाताना मागं सोडली, फिरत फिरत भंगारवाल्याकडं आली आनि तिथनं पप्पाने आनली. "अशा कहाण्या मी रोज ऐकतो," काका म्हनले आनि चार स्क्रू काढून गिटारची मानच वेगळी केली. आत, जिथं कोनाची नजर जात नाय तिथं, कच्च्या लाकडावर कारखान्यातल्याने पेन्सिलने टाकलेली तारीख. अमेरिकेवाल्यांसारखी, महिना आधी, दिवस मागनं. काकांनी चष्मा कपाळावर सारला, परत खाली घेतला. "अरे, खरी आहे की रे ही!" पप्पा, मला त्या जिन्यावरनं सगळ्या बाजाराला ओरडून सांगावंसं वाटलं. पन काका थांबले नाय ना. तारांखालचा तो डबा काढला, पिकअप, जो आवाज धरतो. फिरवून बघितला आनि कपाळाला आठी. "हे काय? ह्याला मोटरचं वार्निश कोणत्या गाढवाने पाजलं?" मला हसूच आलं. गाढव तूच की.

तो दिवस अजून डोळ्यापुढं हाय: मी आठवीत हाय, रविवार हाय, तू स्वैपाकघरात आईच्या शिलाई मशीनपुढं बसलायस. आठवडाभर दुकानात मोटरींचं वायंडिंग करायचं, जळलेली तार काढून नवी गुंडाळायची, आनि रविवारी घरात पन तेच. दुकानातले तुला चिडवायचे, "अरे गिटारवाले, इस मोटर में भी सुर भर दे." विजेच्या मोडक्या रिलेतली केसासारखी तांब्याची तार हाय, मशीनच्या चाकाला तो मेलेला पिकअप बांधलाय, तू चाक फिरवतोस आनि मोठ्याने वेढे मोजतोस. मोजताना कोनी बोलायचं नाय, हा तुमच्या वायंडिंगवाल्यांचा कायदा. तू म्हनतोस, "दोन हजार एकशे चार, एकशे पाच," आनि मी दारातनं ओरडतो, "तीन हजार नव्वद!" तू अडकतोस. सगळी तार सोडून पयल्यापासनं. दुसऱ्यांदा पन तेच केलं मी. तिसऱ्यांदा तू उठलास, मला वाटलं आता बसते कानाखाली. पन तू माझा हात धरून मशीनवर ठेवलास. "मस्करी कर. माझी कर, आईची कर, मास्तरची कर. आकड्यात नको करू. आकडा चुकला की मोटर जळते." मंग तो पिकअप वार्निशमध्ये बुडवून तव्यावर मंद आचेवर भाजलास, जसा दुकानात भाजतात. दोन दिवस आमी मोटरीच्या वासाच्या भाकऱ्या खाल्ल्या.

आनि मी काय केलं सांगू? पाहुना आला की तू गिटार उलटी करून त्याच्या मांडीवर द्यायचास, डोळे मिटायचास आनि मागच्या पत्र्यावर ठोकलेला कंपनीचा नंबर घडाघडा म्हनून दाखवायचास, "बघा, जुळतो का." मला ते दहादा ऐकून पाठ झालेलं. पाम गावात एका हळदीला तुमची बेंजो पार्टी वाजवायला जायची होती, त्याच्या आदल्या दिवशी मी कंपासचं टोक आनि बत्ता घेऊन शेवटून दुसरा आकडा तीन होता त्याचा आठ केला. हळदीत तू डोळे मिटून नंबर म्हनलास आनि बेंजोवाल्याने वाचलं, "गिटारमास्तर, तीन नाय, आठ हाय." सगळा मांडव हसला. मी पन. कोनीतरी म्हनलं, "नंबर बी फेकलेला, गिटार बी फेकलेली." तिथनं तुला फेकू नाव चिकटलं. तू बल्बखाली जाऊन त्या आकड्यावरनं अंगठा फिरवलास आनि म्हनलास, "माझीच चूक आसल." मंग कोनाला नंबर म्हनून दाखवला नायस. आई सांगायची, दुकानात पन तू एकेक वायंडिंग दोनदा मोजायला लागलास. सगळ्यांचं हसून झालं की सांगू, असं मी ठरवलेलं. पुढच्या वर्षी तूच नव्हतास.

आज काकांनी भिंग लावलं आनि बोट नेमकं तिथंच ठेवलं. "इथे आकडा बदललाय. ह्याने किंमत पडते रे. कोणी केलं?" पप्पा, माझी जीभ किती चालते तुला म्हाईत. पटकन म्हनलो, "पप्पानेच केलं आसल." काकांना काय नवल वाटलं नाय. "करतात लोक, जुनी दाखवायला," म्हनले, आनि कागदावर लिहून दिलं: गिटार खरी. पिकअप घरी दुरुस्त केलेला. नंबरात फेरफार, आधीच्या मालकाने केलेला. वर म्हनले, असला जुना पिकअप शोधून बसवतो, थोडी किंमत भरून येईल. मी नको म्हनलो. वाजवून बघितली ना, अजून गुरगुरते, तुज्या दुकानातल्या मोटरीसारखी. किती वेढे हायत ते तुलाच म्हाईत होतं, आता कोनालाच सांगता येनार नाय.

घरी आलो, आईच्या हातात कागद दिला. पयली ओळ वाचून ती अशी हसली, पप्पा, तू बघायला पायजे होतास. तिसऱ्या ओळीवर थांबली. "ह्यांनी?" येवढंच म्हनली आनि कागद घडी करून मला परत दिला.

आता ती मागं भांडी घासतेय. मी तीनदा हाक मारली, तीनदा "काय?" म्हनली, तीनदा मी म्हनलो, काय नाय. तुला हे कुठं पाठवू? म्हनून काकांच्याच कागदाच्या मागं बारीक अक्षरात लिहितोय. कागद असा खराब केला की दुसरा मागायला पालघरला जावंच लागेल, आनि दुसरा का पायजे ते तोंडाने सांगावंच लागेल. ही माझी शेवटची मस्करी, माज्यावरच केलेली.

आई हात पुसत येतेय. तिला सांगायच्या आधी तुला सांगतो. तुझी चूक नव्हती. शेवटून दुसरा तीनच होता.