अठरावी मेंढी

सोमवार, ७ ऑक्टोबर
आजपासून मी मेंढ्यांचा राखणदार. पगार नाही, पण जॅकेट मिळालं. पाठीवर 'स्वयंसेवक' छापलंय. बायको, हिलरी, म्हणाली, शोभतं हो तुला, आता ते घालून भाजी आण.

टॅम्सिनच्या मेंढ्या. पोरगी तिशीची, बूट माझ्यापेक्षा मोठे. तिने समजावलं. दोन आठवडे रोज टेकडी चढायची, अठरा मोजायच्या, प्रत्येकीच्या कुशीवरचा निळा नंबर वाचायचा, मग स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं. हिवाळ्यात मेंढ्यांनी जाडं गवत खाल्लं की उन्हाळ्यात बारकी फुलं येतात. मी म्हटलं, बाई गं, बत्तीस वर्षं ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. आरशात न बघणाऱ्या हजारो लोकांना नापास केलंय. बघणं हाच माझा धंदा.

चढलो. अठरा. सात नंबरने माझा खिसा हुंगला, अर्धं बिस्कीट खाल्लं आणि फाटकापर्यंत सोडायला आली. गुणी बाई.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
पाऊस. ही टेकडी खडूच्या पांढऱ्या दगडाची, ओली झाली की नुसता साबण. दोनदा आपटलो. अठरा. गुडघा सुजला.

बुधवार, ९ ऑक्टोबर. सकाळी ९.२०
शोध लागला! बेडरूमच्या खिडकीतून अख्खी टेकडी दिसते. पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण कपाटात पडून होतीच. मोजल्या. अठरा. नंबर दिसत नाहीत, पण नंबर वाचल्याने मेंढी काही वाढत नाही. ग्रुपवर टाकलं: '१८. सर्व ठीक.'

हिलरीने विचारलं, जाऊन आलास? म्हटलं, हो. नजर जाऊन आली, म्हणजे मीच की.

गुरुवार, १० ऑक्टोबर
काल दुपारी टॅम्सिनची माणसं कुंपणाचे खांब बदलून गेली. खड्डे खणून सगळीकडे पांढरं करून ठेवलंय. मेंढ्या बिथरणार असं मला वाटलंच होतं. पण नाही. अठरा. एक तर नव्या खांबाशी निवांत बसलीये.

गुडघा बरा आहे. पण घाई नको.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
अठरा. ती खांबाजवळची अजून तिथेच. बाकीच्या इकडून तिकडे नाचतात, मोजताना डोकं फिरतं. हिचा आदर्श घ्यावा. ग्रुपवर मुद्दाम लिहिलं: 'एक मेंढी विशेष शांत.' टॅम्सिनने अंगठा पाठवला.

शनिवार, १२ ऑक्टोबर
गारा. सतरा जणी झुडपाच्या आडोशाला पळाल्या. ही बसून राहिली. याला म्हणतात संस्कार.

हिलरी म्हणाली, आजारी नाही ना ती? जाऊन बघ की जरा. म्हटलं, आजारी जनावर धापा टाकतं, ही हलतसुद्धा नाही. हिलरीने चहा अर्धाच कप दिला.

रविवार, १३ ऑक्टोबर
उद्या चढायचंच. आठ वाजता. बूट दाराशी काढून ठेवले.
अठरा.

सोमवार, १४ ऑक्टोबर. सकाळी १०
आठ वाजता बूट घालत होतो, तेवढ्यात टॅम्सिनचा फोन. ती स्वतःच वर गेली होती. सतरा भरल्या. सात नंबर टेकडीच्या पलीकडे, ब्लॅकबेरीच्या काट्यांत सापडली. लोकर गुंतलेली, मागचा पाय अडकून सोललेला. जिवंत आहे, पण उभी राहत नाही. टॅम्सिन म्हणाली, काल अठरा होत्या म्हणजे रात्रीच अडकली असणार, बिचारीने अख्खी रात्र तशीच काढली. मी म्हटलं, हो.

एवढंच म्हणून थांबायचं होतं. पण पुढे म्हटलं, डेनिसचा कुत्रा मोकळा फिरतो हं वर. हे का म्हटलं ते मला माहीत नाही. तोंडातून गेलं.

दुपारी १
वर जाऊन आलो. पायाने. नव्या खांबाशी खडूचा ढीग आहे. चांगला मेंढीएवढा. त्या बाजूने ऊन पडलं की कुणाचीही चूक होईल. खणलेला माल उचलून न्यायचा नियम नाही का? तक्रार करणार होतो. मग लक्षात आलं, तक्रारीत तारीख लिहावी लागेल.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
डेनिस आला. कुत्र्याबद्दल टॅम्सिन त्याला बोलली होती. आमच्यापासून चौथं घर. त्याचा कुत्रा तेरा वर्षांचा, एका डोळ्याने आंधळा, मेंढी समोर आली तर तोच पळेल. डेनिसने सफरचंदाच्या चटणीची बरणी आणली होती, स्वतः केलेली. म्हणाला, क्लाइव्ह, तू रोज त्या मेंढ्यांसाठी मरतोस आणि माझ्यामुळे हे झालं, मला माफ कर. आता कुत्र्याला टेकडीवर नेणार नाही म्हणे. बायको गेल्यापासून त्या दोघांचं तेवढंच फिरणं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, असू दे रे, होतं असं. माफ केलं मी त्याला! मी!

चटणी चीजबरोबर उत्तम लागते. लाज वाटली, पण लागते.
उद्या सांगतो.

बुधवार, १६ ऑक्टोबर
गुडघा. शिवाय पाऊस.

ग्रुपवर टॅम्सिनचा मेसेज. गुरांचे डॉक्टर म्हणतात, सापडली तेव्हाच पायाची जखम चारेक दिवसांची होती, पोटही रिकामं. एका रात्रीतलं हे नव्हे. मी कबुली लिहायला घेतली. चार परिच्छेद झाले. वाचून बघितलं तर तीन सूर्यप्रकाशाबद्दल होते. खोडून टाकलं.

चार दिवस. मी रोज 'सर्व ठीक' लिहीत होतो. त्यामुळेच कुणी तिला शोधलं नाही.

हिलरीने विचारलं, जेवत का नाहीस? म्हटलं, चटणी जास्त झाली.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
टॅम्सिन घरी आली. आता सांगायचंच, असं ठरवून केक कापला. तिने दोन तुकडे खाल्ले. मी हवामानाबद्दल बोललो, खडूबद्दल बोललो, खांबांचा दर्जा कसा घसरलाय तेही बोललो. मग तिने विचारलं, बाथरूम कुठे? वर, बेडरूमच्या पलीकडे. जरा वेळ लागला तिला.

खाली येऊन म्हणाली, छान दिसतं हो तुमच्या खिडकीतून. सात नंबर आज उभी राहिली, असंही म्हणाली. बूट घातले आणि गेली.

दुर्बीण खिडकीतच होती.

हिलरी माझ्याकडे बघत राहिली. लाल सिग्नल तोडणाऱ्यांकडे मी तसाच बघायचो. त्यांना काय वाटत असेल ते आज कळलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. सकाळी ८.४५
पडदा सरकवला. लख्ख ऊन. मेंढ्या सतरा. खांबाशी खडूचा ढीग. त्यावर मेंढ्यांच्याच निळ्या रंगाने भला मोठा ७ काढलाय. दुर्बीण लागली नाही.

ग्रुपवर माझ्याबद्दल एक अक्षर नाही. कुणी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला उत्तर तरी देता आलं असतं.

खालच्या रस्त्याने डेनिस कुत्र्याला घेऊन चाललाय. टेकडीचं फाटक आलं तसा कुत्रा सवयीने आत वळला. डेनिसने पट्टा ओढून त्याला बस डेपोच्या बाजूला नेलं.

हिलरीने चटणीची रिकामी बरणी धुऊन माझ्या बुटांशेजारी ठेवली आहे.

पाऊस नाही. गुडघाही दुखत नाही. आज सकाळपासून दोनदा दाबून बघितला.