डुंबऱ्या पडद्यावर आला

प्रिय नानाभाऊ,

माय आत्ताच धानोऱ्याच्या गाडीत बसून गेली. घर एकदम शांत झालंय. भांडी पडलीत, ती पडू देत. आज मला आधी तुझ्याशी बोलायचंय. तू गेल्यापासून तुला काही सांगावं असं बऱ्याचदा वाटलं, पण प्रत्येक वेळी सांगण्यासारखं जे होतं ते रडण्याचंच होतं. आजचं तसं नाही. आज छातीवरचा धोंडा उतरलाय.

तुझ्या पुस्तकाचा सिनेमा झाला, भाऊ. ‘डोहातली नगरी’चा! आणि तोही माणसांचा नाही, चित्रांचा. कागदावर काढलेली चित्रं चालतात, बोलतात, पाण्यात उड्या मारतात. काल तो नंदुरबारात दाखवला. आणि मी अजून जिवंत आहे, मास्तर जिवंत आहेत, आणि तुझा डुंबऱ्याही.

हे सगळं कसं घडलं ते तुला ठाऊक नाही. तू मुदतीच्या तापात गेलास त्याच्या पुढच्या वर्षी, होळीच्या तोंडावर मुंबईहून एक चित्रकार आले. मनोहरपंत त्यांचं नाव. अंगाने बारीक, बोटं शाईने काळी. म्हणाले, तुमच्या भावाचं पुस्तक मी इतक्यांदा वाचलंय की पानं सुटली. आम्ही चार मित्र त्याचा चित्रपट करू म्हणतो, परवानगी द्या.

मी त्यांना काकांकडे नेलं, बाबांच्या मागे घरातलं वडीलधारं माणूस तेच. काका शेतातून आलेले, पाय धूत होते. म्हणाले, पुस्तकातलं मला काय कळतं? नाना लिहिलेलं पहिल्यांदा सखूलाच वाचून दाखवायचा, तेव्हा तिनेच ठरवावं. असं सगळं माझ्यावर आलं. तू असतास तर काय म्हणाला असतास? मी पुष्कळ विचार केला. मग स्वतःच्या जबाबदारीवर हो म्हटलं.

त्यानंतर वामन मास्तर घरी आले. तुझ्या पुस्तकाची पानंच्या पानं पाठ असलेला तुझा हा मित्र, मी कधी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. चहाला हातही लावला नाही.

“सखू, नानाने डुंबऱ्या कसा दिसतो ते साऱ्या पुस्तकात एकदाही लिहिलं नाही,” ते म्हणाले. “विसरला म्हणून नाही, मुद्दाम. आणि तू आता त्याला चेहरा द्यायला निघालीस.”

माझी भीतीही तीच होती. तुला आठवतं? स्टेशनामागच्या तुझ्या खोलीच्या ओट्यावर बसून तू मला पहिलं प्रकरण वाचून दाखवलंस. मंजी आपल्या आजीचा हरवलेला आवाज शोधायला तापीच्या डोहात उतरते, आणि नगरीच्या दाराशी डुंबऱ्या बसलेला असतो. तो श्वास घेतो तेव्हा सगळा डोह वरखाली होतो. मी विचारलं, भाऊ, पण तो दिसतो कसा? तू नुसता हसलास आणि पुढे वाचायला लागलास. किती राग आला होता मला! सख्ख्या बहिणीलाही सांगू नये?

मग मी माझा एक डुंबऱ्या तयार केला. काळा, ओला, म्हशीपेक्षा मोठा, आणि डोळे आपल्या बाबांसारखे दमलेले. तो जेव्हा जेव्हा डोळ्यांसमोर यायचा, तेव्हा त्याच्यासोबत तुझा वाचतानाचा आवाजही यायचा. भीती ही होती की पडद्यावर दुसराच कुणी डुंबऱ्या बघितला की माझा पुसला जाईल, आणि त्याच्याबरोबर तुझा आवाजही जाईल. तू गेल्यावर माझ्याकडे तुझं दुसरं होतं तरी काय?

आणि मायची गोष्ट वेगळीच. तू गेल्यावर तिने तुझं पुस्तक घरात ठेवू दिलं नाही, हे मी तुला सांगणार नव्हते. पण सांगते. ड्युटी संपली की तू कंदिलाशी लिहीत बसायचास, जेवण थंड व्हायचं, लग्नाचा विषय काढला की हातातलं प्रकरण पुरं होऊ दे म्हणायचास. ताप आला तो त्यामुळे नव्हे, डॉक्टरांनीही तसं सांगितलं होतं. पण मायच्या मनात एकच बसलं. “त्या पुस्तकनी मन्हा पोऱ्या खादा,” असं ती म्हणायची, आणि मग कुणी त्याचं नाव काढायचं नाही. पुस्तक मी माझ्याकडे आणलं. सिनेमाला परवानगी दिल्याचं तिला कळलं तेव्हा कितीतरी दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

मनोहरपंत त्या होळीला इकडेच राहिले. आमच्या ह्यांनी त्यांना सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी दाखवायला नेलं. परत आले ते झपाटल्यासारखे. अंगावर राखेचे ठिपके काढलेले, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले ते नाचणारे बघून म्हणाले, डुंबऱ्या सापडला. मला ते ऐकायचं नव्हतं. पण आता होकार दिला होता.

मग जर्मन-जपानची लढाई संपेपर्यंत मुंबईहून काहीच कळलं नाही. मला वाटलं, राहिलं असेल. तर ह्या महिन्यात सुरतेहून नवापूरमार्गे फिल्मचे डबे येऊन उतरावेत! स्टेशनावरच्या गुड्स ऑफिसातल्या तुझ्या सोबत्यांनी हमालांना हात लावू दिला नाही, असं ऐकलं. नानाचा माल आहे म्हणाले आणि स्वतः डोक्यावर घेऊन निघाले. कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपलेला, त्यामुळे एक गोदाम रिकामं होतं. त्याची दारं-खिडक्या गोणपाटाने झाकून दुपारचा खेळ ठेवला.

आदल्या दिवशी माय बाजाराला म्हणून आली. मी सिनेमाचा विषय काढला नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनेच विचारलं.

“पडदावर मन्हा नानानं नाव येई का?”

येईल म्हटलं. तिने पुढची भाकरी थापायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर माय नवं लुगडं नेसून दारात उभी.

गोदाम गच्च भरलं होतं. धुळे-जळगावकडचे तुझे वाचकही आले होते. आम्ही बायकांच्या बाजूला, चटईवर. दिवे गेले आणि अक्षरं यायला लागली. मायला वाचता येत नाही ना, ती प्रत्येक नावाला कोठे शे, कोठे शे, विचारत होती. मग तुझं नाव आलं. मी तिचा हात धरून म्हटलं, माय, हे. ती उठून उभीच राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, खाली बसा. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने मास्तरांचा आवाज आला, “त्या नानाच्या आई आहेत. उभ्या राहू द्या त्यांना.” नाव गेलं तेव्हा माय खाली बसली. “कितलं मोठं शे,” एवढंच म्हणाली.

सिनेमा कसा होता म्हणशील? काय सांगू! पाणी फार सुंदर काढलंय, भाऊ. डोहाच्या तळाशी मडक्यांच्या रांगा, प्रत्येक मडक्यात एकेकाचा कोंडलेला आवाज, आणि नगरीचा राजा येऊन एकेक झाकण उघडून ऐकतो, ते बघताना माझ्या अंगावर काटा आला. पण मध्येच एक विदूषक बेडूक घातलाय, तो तुझा नाही. तो सारखा गातो. आणि डुंबऱ्या! टोपवाला, ठिपक्यांचा, चालताना घुंगरं वाजवणारा. पोरं त्याला बघून किंचाळली आणि मग हसली.

खेळ सुटल्यावर कुणी घरी जाईना. गोदामाच्या अंगणात जे भांडण जुंपलं ते तू ऐकायला हवं होतंस. मास्तर म्हणत होते की नानाच्या डुंबऱ्याचा नुसता श्वास ऐकून आपण घाबरायचो, आणि ह्यांनी त्याला होळीचा गडी करून टाकला. त्यावर काठीचा रुपसिंग पुढे झाला. हा जंगल खात्यातला नाकेदार. लाकडं वॅगनमध्ये भरली जात असताना तू ज्याला प्रकरणं ऐकवायचास, तोच. तो मोडक्या-तोडक्या मराठीत मास्तरांना म्हणाला की होळीला नाचणारा गडी देवाच्या नवसाचा असतो, त्याला हसायचं नसतं, आणि नानाने मला वाचून दाखवला तेव्हापासून माझा डुंबऱ्या असाच होता. पण मास्तरांना ते पटलं नाही, आणि रुपसिंगनेही आपलं म्हणणं सोडलं नाही.

मुलींच्या शाळेच्या गोदूबाईंचं तिसरंच. त्यांना डुंबऱ्या कसाही चालला असता. त्यांचा राग मंजीवर. पुस्तकात ती पोर एकदाच रडते, तेही सगळं संपल्यावर, आणि इथे ती दर दोन पावलांना डोळे पुसते. ही कुठली मंजी? असं त्या बाप्यामाणसांच्या घोळक्यात उभ्या राहून बोलत होत्या. धुळ्याचे एक गृहस्थ म्हणाले, बेडूक फक्कड जमलाय. त्यांच्यावर सगळे एकदम तुटून पडले. तेवढ्यापुरते मास्तर, रुपसिंग आणि गोदूबाई एका बाजूला झाले.

मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं, अरे, कुणाचाच डुंबऱ्या पुसला गेलेला नाही. उलट प्रत्येकजण आपापला डुंबऱ्या घेऊन भांडायला उभा आहे. मी डोळे मिटून माझा बघितला. होता तिथेच. ओला, दमलेल्या डोळ्यांचा. आणि तुझा आवाजही. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू!

सगळ्यांत मोठं भांडण शेवटावर झालं. सिनेमात शेवटी डुंबऱ्या मंजीबरोबर डोहातून वर येतो आणि सारा गाव त्याच्याभोवती नाचतो. तू तसं लिहिलेलं नाहीस. तुझा डुंबऱ्या मंजी बाहेर पडेपर्यंत दार खांद्यावर तोलून धरतो आणि खालीच राहतो. मास्तर म्हणाले, ह्या एका गोष्टीची मात्र क्षमा नाही. इथे रुपसिंगनेही मान डोलावली.

घरी येताना माय माझ्यापुढे झपाझप चालत होती. मी धसकले होते. घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, त्या डुंबऱ्याला कुणी जेवायला घालत नाही का, किती रोडका काढलाय. मला हसू आलं. मी हसले म्हणून तीही हसली. भाऊ, तू गेल्यापासून मायला हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग ती सूप घेऊन तूर निवडायला बसली. थोड्या वेळाने खाली मान घालूनच म्हणाली, “तो भाहेर उना, बरं जयं. पुस्तकमा बी येस का?”

काय सांगायचं? हो, पुस्तकातही तो बाहेर येतो, असं म्हणाले असते तर चाललं असतं. कोण पाहायला आलं होतं? पण तुझ्या पुस्तकाबद्दल मायशी खोटं बोलायला जीभ वळेना.

“नही माय,” मी म्हटलं. “पुस्तकमा तो खालेच ऱ्हास. त्यानी दार धरी ठेवं म्हनीसन ती पोर वर येस.”

तिचे हात थांबले. मला वाटलं, झालं, आता परत पहिल्यासारखं होणार. तिने डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. सुपातली तूर एका बाजूला सारली आणि विचारलं, “पोर वर येस ना पन?”

येस, म्हटलं.

“मंग माले तेच वाची दखाड,” ती म्हणाली. “मन्हा पोऱ्यानी जे लिखं ते.”

आज सकाळी गाडी जुंपायच्या आधी आम्ही पहिलं प्रकरण वाचलं. म्हणजे मी तुझी मराठी वाचत होते आणि लगेच आपल्या अहिराणीत सांगत होते. तुझी काही वाक्यं इतकी लांब आहेत की मला दम लागला! शाळेतले मोठमोठे शब्द कशाला वापरलेस रे इतके? आपल्या मायला कळेल असं लिहायला काय झालं होतं? पण सांगते, अहिराणीत डोह जास्त खोल वाटतो. माय मध्ये मध्ये हूं देत होती. एकदा म्हणाली, हे नानाने तापीवरच्या प्रकाशा गावच्या घाटावर पाहिलेलं आहे, लहानपणी तिथून हलायचा नाही. मला हे माहीतच नव्हतं.

ती निघता निघता मास्तर आले. मायच्या पाया पडले. मग मला हळूच म्हणाले, उद्या परत खेळ आहे, मी जाणार आहे. मी म्हटलं, अहो, कालच तर नावं ठेवत होतात. तर म्हणाले, चुका एकदा नीट पाहून घेतलेल्या बऱ्या. रुपसिंगही थांबलाय म्हणे, दोघं बरोबर जाणार आहेत. भांडत भांडत जातील नि भांडत भांडत येतील.

तर असं आहे इकडे. मनोहरपंतांना मी आज कळवणार आहे की लोकांनी शिव्याही दिल्या आणि डोक्यावरही घेतलं, आणि तुमचे उपकार आहेत. बेडकाविषयीही कळवणार आहे.

आता तुला एक वचन देते. माय दर बाजाराला येणार आहे. दर वेळी एक प्रकरण मी तिला वाचून दाखवीन, तिच्या बोलीत. अवघड शब्द सोपे करीन, लांब वाक्यं तोडीन, त्याचा तू राग मानू नकोस. पण शेवटच्या प्रकरणातलं काही बदलणार नाही. ती थांब म्हणाली तर थांबेन, तिच्याजवळ बसेन, आणि ती पुढे वाच म्हणाली की जिथे थांबले होते तिथूनच वाचीन. तू लिहिलंस तसं, शेवटच्या ओळीपर्यंत.

तुझी,
सखू